टोमासीचे पन्नास मीटर

नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या पूलवर शनिवारी पोहून झालं की कॉफी होते, आणि कॉफीबरोबर किस्से. ते साठत साठत एवढे झालेत की कुणी नवीन आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मग टोमासीपासून करतो.

टोमासी पॅसिफिकमधल्या एका इवल्याशा बेटदेशाचा. पन्नास मीटर फ्रीस्टाइलमधला त्यांचा राष्ट्रीय विक्रम त्याचाच. स्कॉलरशिपवर ट्रेनिंगला इथे आला आणि आमच्या क्लबमध्ये पोहायला लागला.

*

त्याच्या देशात पूलच नव्हता. तो बंदरात, दोन धक्क्यांच्या मधे सराव करायचा. इथे पहिल्याच दिवशी त्यानं झकास सूर मारला, चार हात मारले आणि मधेच थांबला. आमचे कोच हेंक घाबरले, पायात गोळा आला की काय!

"खाली तळ दिसला," टोमासी म्हणाला. "मला वाटलं, किनारा आला."

*

एकदा आम्ही सगळे तळ्यावर गेलो. होडी भाड्यानं देणाऱ्या आजोबांनी प्रत्येकाला विचारलं, पोहण्याचा डिप्लोमा आहे का? इथे तो लहानपणीच मिळवतात. माझ्या पहिलीतल्या मुलीकडेही होता. टोमासीकडे नव्हता. हा जागतिक स्पर्धेत पोहतो, असं मी आजोबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला लाइफ जॅकेट दिलं.

त्यानं ते निमूट घातलं. बकल माझ्या मुलीनं लावून दिलं.

*

त्या जागतिक स्पर्धेत त्याच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीतल्या त्याच्या गटात, तिघंच होते, तिघंही छोट्या देशांचे. टोमासी पहिला आला. सगळ्या हीट्स धरून लावलेल्या क्रमात मात्र त्याच्या खाली फारसं कुणी नव्हतं. तिकडे त्याच्या आईनं चर्चमध्ये सांगितलं, मुलगा पहिला आला. गावानं जेवणावळ घातली.

आईला खरं सांगितलंस का, असं आम्ही विचारलं.

"पहिला आलोच होतो की," तो म्हणाला आणि कॉफी ढवळत राहिला. साखर तो घेत नाही.

*

माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा त्याला जेवायला बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आईनं नारळ खवायला पुण्याहून आणलेली खवणी काढली, तर यानं ती तिच्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली आणि बरोब्बर बसला. त्यांच्याकडेही असंच बसून खवतात म्हणे. दोन्ही वाट्या झाल्यावर त्यानं खुणेनं विचारलं, अजून आहे?

करंज्यांना एवढं खोबरं लागणार नव्हतं. आईनं तरी दुसरा नारळ फोडला. "खवू दे त्याला," मला म्हणाली.

*

यंदा देशाच्या टीममध्ये त्याच्याऐवजी दुसऱ्याला घेतलं. आमच्या क्लबच्या स्पर्धेत शेवटचं पोहून थांबायचं त्यानं ठरवलं. त्याच्या हीटमध्ये आणखी दोघंच होते; एकजण तापानं घरी राहिला, दुसऱ्याची ट्रेन रद्द झाली. पुढच्या हीटमध्ये सगळ्यांबरोबर पोह, असं हेंक म्हणाले.

"नको. माझी हीट हीच आहे."

शिट्टी झाली. सगळ्या पूलमध्ये एकटा टोमासी. इतकं सुंदर पोहताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला हात लागला, बोर्डावर वेळ आली. त्यानं वर पाहिलं नाही.

शर्यत संपली की शेजारच्या लेनमधल्यांशी दोरावरून हात मिळवायची पद्धत असते. टोमासीनं डावीकडच्या रिकाम्या लेनमध्ये हात पुढे केला. थोडा वेळ तसाच धरला. मग उजवीकडे.