एक ठोसा बाकी होता

"जनावरावर हात नाही उचलत बापू मी," असं मला म्हणून डॉक्टरसाहेब रिमोट मांडीवर ठेवायचे आणि पडद्यावरचा वाघ त्यांच्या पैलवानाला यथेच्छ बडवायचा.

मोहाडीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका खेळाने सगळ्यांना वेड लावलं होतं. त्यात दोन माणसं मारामारी करत, आणि बटण दाबलं की कुणी वाघ व्हायचा, कुणी रानडुक्कर. डॉक्टरसाहेब खरं तर गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, पण गावभर त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणत. बैलांच्या जखमा धुऊन फिनाईलच्या वासासकट दुकानात शिरायचे. समोर माणूस असेपर्यंत त्यांना तोड नव्हती. तो जनावर झाला की संपलं. आमच्या पोरांना हे पक्कं ठाऊक होतं.

मी चिडायचो. "साहेब, टीव्हीतला वाघ हाये तो. काहून हारून राहिले?"

"वाघ टीव्हीतला हाये. हात तं माहाच हाये ना."

आमच्या स्पर्धेचा कप जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधला एक पोरगा दोनदा घेऊन गेला होता. तिसऱ्यांदा नेला असता तर कायमचा त्याचा. त्या दिवशी जागचं न उठता त्याने एकेकाला लोळवलं. शेवटी उरले कोण, तर डॉक्टरसाहेब. पोरगा वाघ झाला की कप गेलाच.

पण परक्या गावच्या पोराला त्यांची खोड कुठे माहीत? तो माणूस म्हणूनच लढला आणि त्याने असा मार खाल्ला की एका ठोशाचा जीव उरला. मग घाबरून तो वाघ झाला.

"साहेब, मारा, एकच ठोसा," अख्खं दुकान ओरडलं.

त्यांनी मारलं नाही. पण या वेळी रिमोटही ठेवला नाही. वाघ झेपावला, हे सरकले. पुन्हा झेपावला, पुन्हा सरकले. "खांदा दबला का समजाचं, आता येते," ते पुटपुटत होते. आयुष्यभर बैलांच्या लाथा चुकवलेला माणूस तो. वीस सेकंद हेच चाललं. वेळ संपली आणि ज्याचा जीव जास्त उरला, तो जिंकला. कप मोहाडीतच राहिला.

मी त्यांना मिठीच मारली. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "त्याले लागलं तं नाही ना?"

मागच्या वर्षी ते गेले. परवा लेकीसाठी जुनी मशीन काढली. ती हरता हरता वाघ झाली. एक ठोसा बाकी होता.

"बाबा, मारा ना," ती म्हणाली.

मी तिच्या वाघाचा खांदा बघत नुसता सरकत राहिलो.