ग्लायकॉलमधलं पाणी

"सर, पवार चोर आहे. अर्धं ग्लायकॉल बाहेर विकतो आणि तेवढं पाणी भरतो."

हे प्लांट हेडना सांगणारी मी. नवी केमिस्ट, गोल्ड मेडलवाली. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे रबरी पाइप बनायचे. कडक थंडीत ते तडकतात का, हे बघायला एक टेस्ट चेंबर होता. तो गार ठेवणाऱ्या चिलरच्या नळ्यांतून ग्लायकॉल फिरायचं. बोटाला चिकटणारं, चवीला गोड म्हणतात, पण पोटात गेलं तर विष. गाडीच्या रेडिएटरमध्येही तेच असतं. शून्याला गोठत नाही, एवढं मला पाठ होतं. पुढचं पान उलटायची गरज भासली नव्हती.

त्यात मी चऱ्होलीच्या दूधवाल्यांची लेक. पाणी म्हणजे भेसळ, विषय संपला. चिलरचं सॅम्पल तपासलं, निम्मं पाणी निघालं, आणि तडक वर गेले.

पवार लातूरकडचा, चिलर सांभाळायचा. नुकतंच बायकोला गावाहून आणून बिऱ्हाड केलेलं. तो म्हणाला, "आधीच्या सायबांनी निम्मं-निम्मं सांगितलं होतं. का, ते मला माहीत न्हाई." ते साहेब कधीच नोकरी सोडून गेलेले. प्लांट हेड कॉमर्सचे. माझं इंग्रजी ऐकून त्यांनी पवारला गेटपास जमा करून घरी जायला सांगितलं.

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? म्हटलं, सर, उद्या सगळ्यांसमोर सिद्ध करते. दोन बाटल्या लॅबच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, चिलर चालायचा त्याच उणे वीसला. एकीवर लेबल 'शुद्ध', दुसरीवर 'पवार'. पाणीवाली गोठणार, शुद्ध वाहणार, हा माझा हिशोब.

सकाळी अख्खं डिपार्टमेंट जमलं. 'पवार' बाटली उलटी केली, धार लागली. 'शुद्ध' उलटी केली. हलवली. बुडाला चापट मारली. आत पांढरा दगड.

प्लांट हेडनी शांतपणे विचारलं, "मॅडम, चोर कुठल्या बाटलीत आहे?"

मग मी ते पान उलटलं. निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं. पाणी मिसळलं की दोघं एकमेकांना गोठून बसू देत नाहीत. एका ओट्याशी दोन सुगरणी, कुणाचीच मांडामांड पुरी होत नाही. माझं ऐकून शुद्ध भरलं असतं तर चिलर दगड होऊन बसला असता.

पवारभाऊंना गेटपास परत मिळाला. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त मी रिटायर होईपर्यंत चहाचा कप पुढे करताना विचारायचे, "मॅडम, पाणी घातलंय ह्यात. चालंल ना?"

मी प्यायचे. नुसती पत्ती कोण चघळणार?