वानरं हाकलायचं संगीत

माझ्या मुलीचं लग्न एका भोंग्यामुळे जुळलं. (त्याआधी त्याच्यामुळेच मोडत होतं, पण ते पुढे येईलच.)

मी पांढुर्ण्याचा संत्रेवाला. तिगावच्या रस्त्याला बगीचा आहे. ऐंशीच्या दशकात नागपूरला कॉलेजात होतो, तेव्हा मला हार्ड रॉकचा नाद लागला. तेच ते, ज्यात गिटार किंचाळते, ड्रमवाला जुना सूड उगवल्यासारखा बडवतो आणि गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतो! कॉलेज सुटलं, केस पिकले, नाद काही गेला नाही. डोक्यामागे बोटभर पोनी अजून आहे. कवटी छापलेला काळा टी-शर्टही मी जिवापाड जपला होता.

आमच्या गावाचं या बाबतीत पक्कं मत आहे. असलं संगीत दोनच प्रकारचे लोक ऐकतात: बड्या घरचे बिघडलेले पोट्टे, नाहीतर ट्रकवरचे पेताड क्लीनर. मी बड्या घरचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माझी गणती कशात व्हायची ते सांगायला नको!

बायकोनं, म्हणजे सुमननं, घरात या संगीताला बंदी घातली. मग मी बगीच्यात सोय केली. संत्र्यांवर वानरं येतात, त्यांना हाकलायला भोंगा हवाच. झाडाला भोंगा टांगला, गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावला आणि वायर मोटरपंपाच्या ऑटो-स्टार्टरला जोडून दिली. शेताच्या विजेची लाइन आली की मोटर आपोआप चालू, सोबत भोंगाही चालू! झाडांना पाणी, वानरांना रॉक. "वांदरं पार लोधीखेड्यापर्यंत पळतेत," असं मी सुमनला छातीठोकपणे सांगत असे.

अशात आमच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न ठरायची वेळ आली. मुलगा सौंसरचा, निखिल. दोघं नागपूरला एकाच ऑफिसात, त्यांचं आपसात केव्हाच ठरलेलं. फक्त निखिलच्या वडिलांचा होकार बाकी होता. ते निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांचे गुरुजी. फोटोत पांढरा सदरा, कपाळाला गंध आणि चेहरा असा की बघूनच माझे पाढे चुकू लागले.

"बाबा, गुरुजी नाही म्हणाले तर निखिल त्यांचं मन मोडणार नाही," प्राची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सुमननं कामाला सुरुवात केली. "अवो, टोपी घाला. ते शेपूट टोपीत कोंबा. अन् पाहुणे हायेत तवरी तोंडातून भजनाशिवाय काई काढू नका!"

"अन् माझा टी-शर्ट?"

"त्याची सोय केली म्या."

काय सोय केली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं!

रविवारी गुरुजी सपत्नीक आले. मी दारातच इतका वाकून नमस्कार केला की टोपी पडता पडता राहिली. बैठकीत भजनं लावली होती. एक झालं, दुसरं झालं, आलुपोहा झाला, तिसरं सुरू झालं. मी डोळे मिटून डोलत होतो. गुरुजीही डोळे मिटून बसले होते. (मला वाटलं, समाधी लागली. पुढे कळलं, डुलकी होती.)

"मले तर भजनाशिवाय घास उतरत नाई जी," मी म्हणालो.

"असं का!" गुरुजी दचकून जागे झाले. "चांगलंच हाय मंग. चला, बगीचा तरी दाखवा."

आमच्याकडे सोयरीक करताना पोरीआधी बगीचा पाहतात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण मी निर्धास्त होतो. त्या आठवड्यात लाइन संध्याकाळची होती आणि आता तर दुपारचे बारा वाजत होते!

आम्ही सगळे बगीच्यात शिरलो. समोरच बांधावर बुजगावणं उभं होतं आणि त्याच्या अंगात माझा कवटीवाला टी-शर्ट! मी सुमनकडे पाहिलं. तिनं आभाळाकडे पाहिलं.

नेमकी त्याच क्षणी लाइन आली. कधी वेळेवर न येणारी लाइन त्या दिवशी वेळेच्या आधी आली! खट्ट करून स्टार्टर लागला, मोटर गुरगुरली आणि डोक्यावरच्या भोंग्यातून गिटार किंचाळली. गुरुजींच्या बायकोनं कानांवर हात ठेवले. गुरुजी जागीच थांबले.

"हे काय लावून राहिले जी तुमी?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

पोरीचं लग्न डोळ्यांसमोरून चाललं होतं. मी ओरडलो, "हे वांदरं हाकलाले हाय, गुरुजी! आपल्यासारख्या चांगल्या घरचे लोक कायले आयकतेत असला गोंधळ? हे ट्रकवाल्याइचं, पेताडाइचं संगीत!"

गुरुजींचा चेहरा उतरला. ते बुजगावण्याजवळ गेले आणि त्यावरची कवटी हातानं हळूच झटकली.

"माहे वडील ट्रकच चालवत," ते म्हणाले. "या गाण्याची पहिली कॅसेट त्याईनंच मले नागपूरहून आणून देली होती. सुपारीलेबी शिवत नोते ते, भाऊ. येतो आमी."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या गाण्यांवर जन्मभर जीव टाकला त्यांनाच मी शिव्या दिल्या होत्या, आणि त्याही सगळ्या सौंसरमध्ये असलेल्या माझ्यासारख्या एकुलत्या एका रॉकवेड्यासमोर! गुरुजी वळले. प्राची रडकुंडीला आली. आणि तीच ओरडली, "बाबा, टोपी काढा!"

मी टोपी काढली. पोनी मानेवर पडली, सुमनच्या लाल रबरबँडसकट.

गुरुजी बघतच राहिले. "तुमीबी?"

"तो टी-शर्ट माहाच हाय जी!"

"मंग दोन तास भजनं कायले आयकवले मले?"

"मले वाटलं, तुमाले आवडतेत!"

"मले वाटलं, तुमाले आवडतेत!"

आता गुरुजींच्या बायकोला राहवेना. "म्हणून हे दर आठवड्याले लोधीखेड्याले जातेत! कामाचं नाव सांगतेत, अन् रस्त्यात गाडी उभी करून, काचा लावून हेच आयकत बसतेत! माहा भाऊच पाहून आला!"

पण ऐकतो कोण? भोंग्यात माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्याचा गिटारचा तुकडा सुरू झाला होता. गुरुजींनी हवेत गिटार धरली, मी हवेत ड्रम बडवले आणि आम्ही दोघं संत्र्यांच्या ओळीत माना झटकत नाचलो. इतकं सुख मला कॉलेजातही झालं नव्हतं. शेवटी गुरुजींची मान लचकली, आणि त्या वाकड्या मानेनंच ते म्हणाले, "सोयरीक पक्की, इवाई!" प्राचीनं माझ्या गळ्यात पडून मला पार भिजवलं.

तेवढ्यात सुमननं वर बोट दाखवलं. भोंग्याच्याच फांदीवर वानरांचं अख्खं टोळकं बसून निवांत संत्री सोलत होतं. गाण्याची त्यांना सवय झाली होती! पण आमचा नाच बघताना त्यांच्या हातातली संत्री गळून पडली आणि सगळी वानरं तिगावच्या दिशेनं जी सुटली, ती आठवडाभर फिरकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुमननं टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात ठेवला. मी गहिवरलो. म्हटलं, "घरात घालू?"

"बगीच्यात घाला," ती म्हणाली. "बुजगावणं काढून टाकलं म्या. आता रोज तुमीच उभे राहात जा."