शिराजला पाजलेलं पाणी

परवा पुण्यातल्या एका हॉटेलात मेनूकार्ड वाचलं आणि डोकं फिरलं. शिराज नावाची लाल वाइन, आणि तिच्यासोबत काय खावं याची यादी: चीज, भाजलेलं मटण, काळं चॉकलेट. लिहिणाऱ्यानं आयुष्यात वांग्याची भाजी खाल्ली नसावी, किंवा खाऊन लपवली असावी. मी निषेधाची पत्रकं लिहून वाटत फिरणारी, असलं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही. पण त्या दिवशी बसले. आमचा अंजनगाव सुर्जीचा मळा आठवला, आणि काका.

आमचं घर पानमळ्याचं. विड्याची पानं आणि मिऱ्यासारखी झोंबणारी पानपिंपळी, दोन्ही वेल नाजूक. त्यांना सावली धरायची, रोज पाणी द्यायचं, झळ लागू द्यायची नाही. बाबांनी जन्मभर तेच केलं. धाकटे काका मात्र नाशिककडे एका वाइनरीत कामाला गेले आणि काही वर्षांनी शिराज द्राक्षाच्या काड्या लावायला घेऊन परतले. बाबांनी मळ्याच्या कडेची पट्टी त्यांना दिली. माल नीट उतरला तर वाइनरीवाले घेणार होते आणि काका कायमचे घरी राहणार होते. नाही तर पुन्हा नाशिक.

शिराज हे खायचं द्राक्ष नव्हे. बारीक, काळं, जाड सालीचं, आत बियाच बिया. पहिल्या घडातला दाणा आईनं चावला आणि थुंकला.

"भावजी, हे द्राक्ष हाय का बोर?"

"वयनी, रस तर पांढराच असते. रंग, तुरटपणा, सगळं सालीत. म्हणून दाणा लहानच पाह्यजे."

त्यासाठी वेलाला उन्हात तहानलेलं ठेवायचं. बाबांना ते बघवेना.

"कावून रे, वेल वाळून राह्यला ना! डोळे फुटले का तुये?"

"दादा, राहू दे त्याले उपाशी."

"वेलाले उपाशी ठेवतेत का कोणी? नाशिकले जाऊन हेच शिकला?"

घड पिकत काळे झाले आणि तेव्हाच अकोल्याला आत्याच्या घरी लग्न निघालं. सगळे गेलो, आठवडाभर राहिलो. पानांना रोज पाणी लागतं म्हणून बाबा एकटे मागे राहिले. आणि त्यांनी शिराजलाही पाणी दिलं. रोज. वर हिरवी जाळीसुद्धा बांधली.

आम्ही परतलो तेव्हा दाणे टपोरे झाले होते, काही फुटलेही होते. बाबा खुशीत. "पाह्य, कसे भरले!"

काकांनी एक दाणा पिळून गोडी मोजायच्या नळीवर धरला, डोळा लावला आणि नळी खिशात टाकली. आईला एवढंच म्हणाले, "वयनी, आज रोडगे करा."

मळ्यातच गोवऱ्यांवर रोडगे भाजले. वांग्याची भाजी, पातोड्या, ठेचा. काकांनी नाशिकहून आणून जपलेली शिराजची बाटली काढली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. ठेच्यावर मी घोट घेतला तर तोंडात नुसती आग. "घे अजून!" आई दुरून हसली. पण तुपात बुडवलेला धुरकट रोडगा, त्यावर तेलाचा तवंग असलेला वांग्याचा रस्सा, मग घोट. तुरटपणा तेलात विरघळला आणि जिभेच्या मागे काहीतरी ओळखीचं झोंबत राहिलं. ती चव मी अजून शोधते आहे. चीजवाल्यांनो, तुमच्या यादीत ती नाही.

"दादा, वास तर घे," काका म्हणाले.

बाबांनी कधी थेंब घेतला नव्हता. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला.

"याच्यात पानपिंपळी हाय."

"नाही, दादा. द्राक्षातूनच येते ते. वेलानं तहान सोसली का मंग येते."

बाबांनी पेला हळूच खाली ठेवला. फुटलेल्या घडांकडे पाहिलं. "मले सांगितलं कावून नाही?"

"सांगूनच राह्यलो होतो ना," काका म्हणाले आणि बाबांच्या ताटात आणखी एक रोडगा वाढला.

काका पुन्हा नाशिकला गेले, अजून तिथेच आहेत. पत्रक लिहायचं तर पहिल्याच ओळीत शत्रू लागतो. इथे कुणाचं नाव घालू? मेनूकार्डावर चिडणं सोपं आहे.

पट्टीवर आता पिंपळी आहे. शिराजचे टोकाचे थोडे वेल बाबांनी राखलेत. उन्हाळ्यात ते कोमेजतात, तेव्हा बाबा त्यांच्या कडेची नेहमीची वाट सोडून लांबच्या धुऱ्याच्या बांधावरून मळ्यात जातात.

"कावून हो, एवढा फेरा?" आई विचारते.

"तिकडून गेलो का हात मोटरीकडे जाते," बाबा म्हणतात.