दोन बोटांचा हातगुण

भिलाईत विश्वकर्मा पूजेला कुंकू लागलं नाही असं यंत्र सापडायचं नाही. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या प्रेशर मोजायच्या छोट्या मीटरलाही दरवर्षी टिळा लागायचा. त्याची सेवा तेवढीच. पूजा झाली की काचेवरच्या कुंकवासकट ते पुन्हा कपाटात. मी तिथे भूल द्यायला नवी होते. भूल विभागाचे आमचे मोठे सर म्हणायचे, "मले मीटर कशाले पाहिजे? बोटं आहेत ना!" त्या बोटांची मला आजही किळस येते.

भूल दिलेल्या माणसाच्या श्वासनळीत जी ट्यूब घालतात, तिच्याभोवती हवेचा फुगा असतो. कमी फुगला तर हवा गळते. जास्त फुगला तर आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठाच दाबून टाकतो, घसा सोलवटतो, आवाजही जाऊ शकतो. हेच प्रेशर ते मीटर मोजतं. सर मात्र त्याला जोडलेला, बाहेर लोंबणारा दुसरा बारका फुगा चिमटीत दाबून आतला अंदाज सांगायचे. आंबा पिकला का बघतात, तसं.

त्या दिवशी स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या एका काकांच्या उजव्या फुप्फुसाचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने माझा हात धरला होता. "म्याडम, याइचा आवाज सांभाळजा. विहारात वंदना हेच म्हणतेत. आवाज गेला तर हा माणूस घरात बसून बसून मरून जाईन." मी हो म्हटलं होतं.

काका उताणे होते तोवर सगळं ठीक असेलही. मग त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. वळवताना मान हलते, ट्यूब सरकते, फुग्यातलं प्रेशर बदलतं. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांना कंटाळा होता. समोशाचं तेल पुसत आत आले, फुगा चिमटीत दाबला आणि म्हणाले, "झकास!" मी सिस्टरकडून कपाटाची चावी घेतली, मीटर काढलं, काचेवरचं कुंकू नखाने खरवडलं आणि ते बारक्या फुग्याला जोडलं. काटा सुरक्षित प्रेशरचा हिरवा पट्टा ओलांडून पार पुढे. मी थोडी थोडी हवा काढत काटा हिरव्यात आणला. सर बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकांचा घसा बसला होता, पण आवाज होता. त्यांनी बायकोला हाक मारली. ती रडली आणि राउंडला आलेल्या सरांना म्हणाली, "साहेब, तुमच्या हाताले गुण हाय." सरांनी हात पुढे केला. त्या माउलीने तीच बोटं कपाळाला लावली.

दुपारी पुढचा पेशंट कुशीवर वळवला. सरांनी फुगा दाबला, "झकास." मी चावी मागितली, तर सिस्टर खाली बघत म्हणाली, चावी आता सरांकडे असते. मग सरांकडे मागितली.

"कावून? आज विश्वकर्मा पूजा आहे का?"

सगळे हसले. ज्याचा गळा होता, तो बेशुद्ध होता.