अहवालातून वगळलेले तिघे

अंबरनाथच्या एका आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडचा निदेशक होतो. दरवर्षी मुलं एकाच ठिकाणी अडायची, जाडी मोजायच्या व्हर्नियरवर. मुख्य पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी जुळते ते बघून त्यात भर घालायची, एवढंच काम. फळ्यावर मी ते नीट समजावायचो, मुलं माना डोलवायची आणि आठवड्याने हातात जॉब, म्हणजे मोजायचा लोखंडी तुकडा दिला की निम्मी माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत एकदा आम्हा निदेशकांना प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या प्राध्यापिका बाईंनी एका शोधनिबंधाची झेरॉक्स वाटली. इंग्रजी जड होतं. मी उल्हासनगरच्या मराठी शाळेत शिकलेला. बदलापुरात मांजर्लीतल्या घरी डिक्शनरी घेऊन दोन रविवार त्यावर घालवले. सार असं होतं की, वही परत परत वाचली की आपल्याला येतंय असं वाटतं, पण वही मिटून आठवायला लावलं तर शिकलेलं जास्त टिकतं. बाईंनी सांगितलं, आपल्या वर्गात करून बघा आणि अहवाल द्या.

मी मनावर घेतलं. रोज सकाळी पहिली पाच मिनिटं वह्या बंद. कोऱ्या कागदावर काल शिकवलेलं लिहायचं. शेजारच्या बॅचचे निदेशक निवृत्तीला आले होते. त्यांची बॅच नेहमीसारखी शिकेल, माझी या पद्धतीने, आणि दिवाळीआधी दोन्हींची एकच चाचणी घेऊ, असं मी त्यांना सांगितलं.

"कर बाबा," ते म्हणाले. "माझं काम वाढवू नकोस म्हणजे झालं."

माझ्या बॅचमध्ये एकच मुलगी होती. बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतली, आश्रमशाळेतून दहावी झालेली. कानस चालवताना तिचा हात सरळ जायचा. बाकीच्यांचा डुगडुगायचा. पण सकाळचा तिचा कागद जवळजवळ कोरा यायचा. वर नाव, खाली एखादी ओळ. मी त्यावर लाल पेनने शून्य लिहून परत करत होतो. सप्टेंबर संपता संपता ती यायची बंद झाली. तिच्या आधी आणखी दोघं गळाले होते. आयटीआयमध्ये मुलं गळतातच. हजेरीपटावर मी रेघ ओढली आणि पुढे गेलो.

चाचणीत माझी बॅच बरीच पुढे निघाली. मी अहवाल लिहून काढला आणि मोठ्या समाधानाने शेजारच्या बॅचच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा चढवून सगळा वाचला.

"माझी दोन पोरं चाचणीला आली नाहीत, त्यांना तू शून्य धरलंस," ते म्हणाले. "तुझी तीन दिसत नाहीत यात."

"ती सोडून गेलीत, सर. म्हणून वगळली."

"का गेली?"

मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्यांनी अहवाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग ज्यांना जमलं त्यांनाच मोजलंस तू."

राग आला होता. दोन दिवस अहवाल तसाच पडू दिला. मग रविवारी मोटरसायकल काढली आणि बारवीकडे गेलो. बरोबर संस्थेतला एक व्हर्नियर घेतला. का घेतला, ते मला नीट सांगता येणार नाही.

वाडीवर भाताची कापणी चालली होती. मला बघून ती बांधावर आली. आई थोडी मागे उभी राहिली. का येत नाहीस, असं मी विचारलं.

"सर, मला येतं," ती म्हणाली. "लिहायला बसलं का शब्द जुळवत बसते, तवर पाच मिनिटं संपतात. मग तुम्ही सगळ्यांसमोर कागद देता."

मी व्हर्नियर तिच्या हातात दिला. तिने विळ्याच्या मुठीची जाडी घेतली, पट्टी डोळ्यासमोर धरून फिरवली आणि माप सांगितलं. मी तपासलं. बरोबर होतं. तिच्या आईने विचारलं, "मंग नापास कशी?" कापणी झाल्यावर पाठवा, एवढंच मी म्हणालो.

बाकी दोघांपैकी एकजण उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात कामाला लागला होता. तो काही परत येणार नव्हता. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही.

दिवाळीनंतर मी पद्धत बदलली. वह्या बंदच, पण कागद नाही. दोघादोघांनी बसायचं, एकाने माप घेऊन कसं घेतलं ते बोलून दाखवायचं, दुसऱ्याने चूक पकडायची. घड्याळ लावणं सोडलं. ती परत आली. पहिले काही दिवस तिचा आवाज जोडीदारालाही ऐकू जात नव्हता. मग जायला लागला.

अहवाल मी नव्याने लिहिला. तिघांना धरल्यावर दोन बॅचमधला फरक थोडासाच उरला. ते तसंच लिहिलं, तिघं का गेली असावीत तेही लिहिलं. प्रशिक्षणाच्या बाई वाचून म्हणाल्या, "निष्कर्ष ठोस निघत नाही यातून." मी हो म्हटलं. निबंधातलं खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आठवायला लावल्याने टिकतं. मी लिहिणं आणि आठवणं एकच समजलो होतो.

ती मुलगी प्रॅक्टिकलला पहिल्याच खेपेला सुटली. थिअरीत एकदा राहिली, मग पास झाली. बदलापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तयार भागांची मापं तपासायच्या टेबलावर तिला काम मिळालं. निकालाची प्रत न्यायला ती आली तेव्हा मी वर्गावर होतो. दारातून तिने हात केला, मी मान हलवली आणि ती ऑफिसकडे गेली.