उसाच्या सरीतला मुळा

धोंडिराम तेवीस वर्षं मैलापाणी प्रकल्पात नमुने गोळा करतोय. गटाराच्या पाण्यातून निघालेला गाळ तिथं उन्हात वाळतो आणि खत म्हणून ट्रॉलीनं शेतांवर जातो. मागाहून धोंडिराम जातो, त्या मातीचा नमुना उचलतो, विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत पोचवतो. तिथं जंतू वाढवून मोजायला तीन दिवस लागतात. गाळ विस्कटायला एक सकाळ पुरते.

फॉर्मवर पिकाचा एकच रकाना आहे. सगळे 'ऊस' लिहितात. ते खोटंही नसतं. उसाचा रस कारखान्यात उकळतो, म्हणूनच गाळाला परवानगी. पण ऊस लहान असताना सरी मोकळी कोण ठेवतो? तिच्या बगलेला मुळा, मेथी, कोथिंबीर निघते. ती बाजारात जात नाही, घरात आणि भावकीत जाते. तिला रकाना नाही.

त्या दिवशी तो शिराळ्याच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात माती उचलत होता. मळ्याच्या म्हातारीनं, बनुबाईनं, एक मुळा उपटला, पाटात खळबळला आणि मोडून अर्धा त्याच्यापुढं धरला. तिची पाच वर्षांची नात सोनम उरलेल्या अर्ध्याकडं बघत उभी होती.

"काकी, तीन दिस थांबा. पोरीला कच्चं देऊ नगा."

"आवं, गाळ म्हंजी खतच की. शेणखताला काय अत्तराचा वास असतोय व्हय?"

बांधावरून तिचा मुलगा धैर्यशील हसला. तो फौजेतून निवृत्त झालेला. "धोंडिबा, गाळाच्या कागदावर शिक्का तुमच्याच हापिसचा हाय. सरकारावर तुमचाच इस्वास न्हाई, मग आमी काय करायचं?"

"माती तपासली की सांगतो."

बनुबाईचा हात तसाच पुढं होता. "का? आमच्या हातचं चालत न्हाई तुमास्नी?"

थट्टाच होती. धैर्यशील पुन्हा हसला. पण याच बांधावर धोंडिरामच्या आईला, जाईबाईला, भाकरी वरून पदरात टाकली जायची, हात लागू नये म्हणून. आज हात स्वतःहून आला होता. तो कुठल्या तोंडानं मागं सारायचा?

त्यानं मुळा घेतला आणि खाल्ला. मग सोनमनंही खाल्ला. तो मातीची पिशवी बांधत राहिला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जंतू मर्यादेच्या कितीतरी वर होते. साहेब म्हणाले, "वर पाठवलाय. तुम्ही शेतावर काही बोलू नका." धोंडिराम अहवालाची झेरॉक्स घेऊन मळ्यावर गेला. घराला कुलूप होतं. शेजारणीनं दवाखान्याचं नाव सांगितलं.

सोनमला सलाईन लावलं होतं. दोन दिवस जुलाब, वर ताप. बाहेर फरशीवर बनुबाई बसली होती.

"काकी, त्या मुळ्यानं झालंय. गाळात जंतू हायती."

"तुमीबी खाल्लासा न्हवं?"

"व्हय."

"मग तुमास्नी काय झालं?"

"लहान पोटाला सोसत न्हाई, काकी."

"मीबी खाल्ला. धैर्यशीलनं खाल्ला. घरभर खाल्ला." तिच्या आवाजात राग नव्हता. "जत्रंत भेळ खाल्ली पोरीनं, तीच बाधली."

तो डॉक्टरांकडं गेला. त्यांनी कागद पुरता वाचला आणि परत दिला.

"हा मातीचा रिपोर्ट आहे. पेशंटचा नाही."

तो बाहेर आला. बनुबाई सरकली आणि फरशीवर त्याला जागा करून दिली.

"डाक्टरनंबी भेळंचंच सांगितलं न्हवं? बसा आता."

धोंडिराम बसला.